गिजुभाई बधेका

गिरिजाशंकर भगवानजी बधेका ऊर्फ गिजुभाई (१५ नोव्हेंबर १८८५ – २३ जून १९३९) हे गुजराती शिक्षणतज्ज्ञ, बालसाहित्यिक व भारतातील माँटेसरी पद्धतीच्या आद्य प्रसारकांपैकी एक होते. भावनगर येथील दक्षिणामूर्ती बालमंदिर ही त्यांची कर्मभूमी. छडीचा धाक आणि बक्षिसाची लालूच या दोन्हींवाचून मुलांचे लक्ष अभ्यासात कसे राहील, हा त्यांच्या साऱ्या प्रयोगांमागचा प्रश्न होता. गुजरातमध्ये ते ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, या नावाने ओळखले जातात.

पूर्वायुष्य

गिजुभाईंचा जन्म सौराष्ट्रातील चित्तल या गावी झाला. १९०७ मध्ये ते अर्थार्जनासाठी पूर्व आफ्रिकेत गेले. तेथून परतल्यावर त्यांनी मुंबईत कायद्याचे शिक्षण घेतले आणि वढवाण येथे वकिली सुरू केली. १९१३ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याला आपण शिकलो तसल्या शाळेत घालायचे काय, या विचाराने त्यांना घेरले. याच शोधात वसो येथील मोतीभाई अमीन यांच्याकडून त्यांना मारिया माँटेसरी यांच्या कार्याची ओळख झाली. १९१६ मध्ये ते नानाभाई भट्ट यांनी स्थापन केलेल्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले. चालती वकिली त्यांनी सोडली ती कायमची.

बालमंदिर

संस्थेतील मोठ्या विद्यार्थ्यांना शिकवताना, शिक्षणाचा पाया त्याहून फार आधी घातला गेला पाहिजे, असे त्यांचे मत बनले. १९२० मध्ये त्यांनी अडीच ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी बालमंदिर सुरू केले. माँटेसरींची साधने, मुलांचे स्वातंत्र्य आणि शिक्षकाची निरीक्षकाची भूमिका त्यांनी स्वीकारली. पण पद्धत जशीच्या तशी उचलली नाही. लहान वयात काल्पनिक कथा सांगणे माँटेसरींना मान्य नव्हते. गिजुभाईंनी मात्र गोष्ट, गाणे, नाट्य आणि लोककथा यांना बालमंदिरात मानाचे स्थान दिले. सौराष्ट्राच्या घराघरांत आजीच्या तोंडून चालत आलेली कथनाची परंपरा शाळेच्या दाराशी अडवून ठेवण्याचे त्यांना कारण दिसले नाही. या बाबतीत ते आपल्या गुरुस्थानी असलेल्या विदुषीपेक्षा मुलांच्या अधिक जवळ होते, असे म्हणावे लागेल.

‘दिवास्वप्न’

१९३०च्या दशकाच्या प्रारंभी प्रसिद्ध झालेले ‘दिवास्वप्न’ हे गिजुभाईंचे सर्वांत गाजलेले पुस्तक. ते प्रत्यक्ष प्रयोगाचा अहवाल आहे, अशी अनेकांची समजूत असते. वास्तविक ती काल्पनिक कथा आहे आणि शीर्षकातच तसे सुचवलेले आहे. एक हौशी शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडून प्राथमिक शाळेतील चौथीचा वर्ग एका वर्षासाठी मागून घेतो आणि तेथे आपल्या कल्पना पडताळून पाहतो.

पुस्तकाचा पहिला दिवस अपयशाचा आहे. शिक्षकाने घरी सर्व आखणी केलेली असते. माँटेसरी पद्धतीतील शांततेच्या खेळाने आरंभ करावा, मुले स्तब्ध बसतील, मग बारीकसारीक आवाज ऐकतील, असा त्याचा बेत. प्रत्यक्षात मुले हसतात, ओरडतात, एकमेकांना चिडवतात आणि खेळाचा पार बोजवारा उडतो. शेवटी तो वर्ग सोडून देतो. यात मुलांना दोष दिलेला नाही. ज्या मुलांनी शाळेत फक्त धाकाची शांतता अनुभवली आहे, त्यांच्यापुढे धाक काढून घेऊन नुसते शांत बसण्याचे आवाहन केले, तर ते निष्फळ ठरणारच, हे शिक्षकाला उमगते.

दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो. वर्ग आपोआप गप्प होतो. गोष्ट रंगात आली असता तो थांबतो, हजेरी घ्यायची आहे म्हणतो. पुढचे ऐकण्याची ओढ लागलेली मुले चटकन हजेरी देऊन मोकळी होतात. रोजची कटकट झालेले काम येथे मिनिटात उरकते. गोष्टीतून मुले पुस्तकांकडे वळतात, वर्गाचे छोटे ग्रंथालय उभे राहते, इतिहास कथेतून येतो, व्याकरण खेळातून, आणि घोकलेल्या कवितांच्या जागी मुले नाटक बसवतात. हे सारे सुरळीत होत नाही. खेळात भांडणे होतात, सहकारी शिक्षक थट्टा करतात, परीक्षेचे काय, ही शंका तर पाठ सोडतच नाही. या अडचणी लपवलेल्या नसल्यामुळेच अध्यापक विद्यालयांतील विद्यार्थ्यांना हे पुस्तक आजही आपले वाटते. एक मर्यादा मात्र नोंदवायला हवी : कथेतील शिक्षकाला वरिष्ठ अधिकाऱ्याचा पाठिंबा आहे आणि प्रयोगाची मुभाही. सामान्य शिक्षकाच्या वाट्याला हे दोन्ही क्वचितच येते.

ताराबाई मोडक आणि मराठीशी संबंध

राजकोटच्या बार्टन महिला अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक भावनगरला आल्या आणि गिजुभाईंच्या निकटच्या सहकारी झाल्या. १९२५ मध्ये बालशिक्षकांसाठी अध्यापन मंदिर सुरू झाले आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ‘शिक्षणपत्रिका’ या गुजराती नियतकालिकाच्या धर्तीवर ताराबाईंनी पुढे मराठी ‘शिक्षणपत्रिका’ चालवली.

अखेरची वर्षे

गिजुभाईंनी लहानमोठी सुमारे २०० पुस्तके लिहिली. १९२९ सालचा रणजितराम सुवर्णचंद्रक त्यांना देण्यात आला. १९३६ मध्ये ते दक्षिणामूर्तीतून बाहेर पडले व राजकोट येथे अध्यापन मंदिराच्या कामाला लागले. तीनच वर्षांत, वयाच्या ५४व्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

भावनगरच्या बालमंदिरात प्रामुख्याने सुस्थित घरांतील मुले येत. गरिबांच्या मुलांसाठी ही पद्धत राबवण्याचे काम ताराबाईंनी अनुताई वाघ यांच्या साथीने १९४५ पासून तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे हाती घेतले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, पाने आणि बिया वापरात आल्या. जी मुले शाळेत येत नव्हती, त्यांच्यासाठी शाळाच पाड्यातील अंगणात आणि गुरे चरण्याच्या कुरणात भरू लागली.