कादंबरीकार नाथमाधव

अलीकडे आमच्या शाळेतील मुलांच्या दप्तरांत जपानी साहसकथांच्या चित्रमालिका आढळू लागल्या आहेत. एक भाग संपताच पुढचा भाग कोठे मिळेल, याची त्यांस लागलेली तळमळ पाहून मला आमच्या वडीलधाऱ्यांची आठवण होते. त्यांचीही अशीच एक आवडती मालिका होती. तिच्यात चित्रांपेक्षा शब्दांचाच भार अधिक. परंतु ती हाती पडली म्हणजे घरातील कंदिलाचे तेल संपेपर्यंत खाली ठेववत नसे. ती लिहिणारे गृहस्थ द्वारकानाथ माधव पितळे हे होत. स्वतःच्या नावातील 'नाथ' आणि वडिलांचे 'माधव' हे नाव यांची सांगड घालून त्यांनी 'नाथमाधव' हे टोपणनाव घेतले, व महाराष्ट्र त्यांस त्याच नावाने ओळखतो.

त्यांचा जन्म ३ एप्रिल १८८२ रोजी मुंबईस झाला. तारुण्यात त्यांस शिकारीचा मोठा नाद होता. डोंगर चढावे, रान तुडवावे, यात त्यांस कोण आनंद वाटे! असेच एकदा ते सिंहगडावर शिकारीस गेले असता कड्यावरून पाय घसरून खाली कोसळले. प्राण वाचला, पण कमरेखालचा देह कायमचा लुळा झाला. १६७० साली ज्या गडाचा कडा तानाजी मालुसऱ्यांचे मावळे रात्री चढून गेले, त्याच गडाने या तरुणाचे चालणे हिरावून घेतले.

अंथरुणास खिळलेल्या माणसाचा दिवस किती लांब असतो, हे ज्यांनी घरात दीर्घ दुखणे पाहिले आहे त्यांस सांगावयास नको. नाथमाधवांनी तो वेळ वाचनात घालविला, आणि वाचता वाचता लेखणी हाती घेतली. १९०८ साली त्यांची 'प्रेमवेडा' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तेव्हा ते अवघे २६ वर्षांचे होते. पाठोपाठ शिवकालीन आरमाराची पार्श्वभूमी असलेली 'सावळ्या तांडेल', व १९१३ साली 'वीरधवल' ही अद्भुतरम्य कादंबरी आली. 'वीरधवल'मधील राज्ये नकाशात शोधू गेल्यास सापडणार नाहीत. पण कित्येक पिढ्यांतील मुले त्यांतून खुशाल हिंडून आली आहेत. 'डॉक्टर' ही त्यांची सामाजिक कादंबरी तीन भागांत आहे. तिचे स्वरूप अगदी निराळे असल्याने येथे तिचा केवळ उल्लेख करितो.

त्यांची खरी कीर्ती शिवकालावरील 'स्वराज्य' मालेने झाली. १९२१ च्या सुमारास 'स्वराज्याचा श्रीगणेशा' निघाली, आणि मग 'स्वराज्याची स्थापना', 'स्वराज्याचा कारभार', 'स्वराज्यावरील संकट' अशी एकामागून एक पुस्तके येत गेली. हे सारे लिहिणाऱ्याचे पाय जमिनीस लागत नव्हते, हे ध्यानी ठेवून ती पुस्तके वाचावीत. घोड्यांच्या दौडी, गडांच्या चढणी, अंधाऱ्या रात्रीचे छापे यांची त्यांत रेलचेल आहे. मला तर वाटते, ज्याला उठून दारापर्यंतही जाता येत नव्हते त्याला प्रत्येक पाऊल मोलाचे वाटत असले पाहिजे.

त्यांच्या लेखनात दोष नाहीत असे मी म्हणणार नाही. वर्णने लांबतात, सज्जन फारच सज्जन व दुर्जन फारच दुर्जन असतात. इतिहासाच्या परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्याने तर या कादंबऱ्यांवर मुळीच विसंबू नये. तेथे कल्पना व इतिहास यांची सरमिसळ झालेली आहे. (एका मुलाने सहामाहीच्या उत्तरपत्रिकेत कादंबरीतील प्रसंग घडलेला म्हणून लिहिला होता. उत्तर मोठे रसाळ होते. गुण मात्र देता आले नाहीत!)

२१ जून १९२८ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी नाथमाधव वारले. तत्कालीन कायद्यान्वये लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे ग्रंथांचा हक्क राखलेला असे. तो १९७८ अखेर संपला, आणि तेव्हापासून कोणाही प्रकाशकास हे ग्रंथ छापण्याची मोकळीक झाली. म्हणून आज त्यांच्या निरनिराळ्या आवृत्त्या आढळतात. कोणी एकेक भाग सुटा काढतो, तर कोणी अनेक भाग एकत्र बांधतो.

पुसेगावातील एका सद्गृहस्थांनी 'वीरधवल'ची एक जुनी प्रत आमच्या वाचनालयास दिली होती. पाने पिवळी, पुठ्ठा गेलेला, आणि शेवटची काही पाने गहाळ. गतवर्षी आठवीतील एक विद्यार्थी ती घेऊन माझ्याकडे आला व पुढे काय झाले म्हणून विचारू लागला. मी सांगितले नाही. हिंगोलीस गेलो असता नवी प्रत मागविली. ती येईपर्यंत तीन आठवडे तो मुलगा रोज मधल्या सुटीत कपाटाशी येऊन उभा राहत असे.