स्फोटकं पाण्यावरून न्यायची कशी? आल्फ्रेड नोबेलची न सांगितलेली बाजू

नोबेल म्हटलं की आपल्याला पुरस्कार आठवतो, फार तर डायनामाइट. मला मात्र हा माणूस वेगळ्याच कारणासाठी भारी वाटतो. अत्यंत धोकादायक माल वाटेत कुणाचा जीव न घेता पोहोचवायचा कसा, हा प्रश्न त्याने आयुष्याची ऐन उमेदीची वर्षं खर्च करून सोडवला. आणि त्या गोष्टीतले मोठे टप्पे एका तळ्यावर, एका नदीवर आणि एका कालव्यावर घडले.

धक्का लागला की खेळ खल्लास

आल्फ्रेडचा जन्म २१ ऑक्टोबर १८३३ चा, स्टॉकहोमचा. वडील इमॅन्युएल रशियात सेंट पीटर्सबर्गला पाणसुरुंग बनवायचे. मुलं तिथेच घरी शिक्षकांकडे शिकली. पुढे क्रिमियाचं युद्ध संपलं, सरकारी ऑर्डरी थांबल्या, कारखाना बुडाला आणि आईवडील स्वीडनला परतले. काही वर्षांनी आल्फ्रेडही परतला.

दरम्यान १८४७ मध्ये इटलीत आस्कानियो सोब्रेरो या रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोग्लिसरीन बनवलं होतं. दिसायला तेलासारखं, ताकद गनपावडरपेक्षा कितीतरी जास्त, पण एवढं लहरी की साधा धक्काही पुरायचा. नोबेल बापलेकांनी तेच हातात घेतलं. ३ सप्टेंबर १८६४ ला स्टॉकहोममधल्या त्यांच्या शेडमध्ये स्फोट झाला आणि पाच जण गेले. त्यात आल्फ्रेडचा धाकटा भाऊ एमिल होता. वय २०.

तळ्यावरचा कारखाना

शहरात हे काम करायला बंदी आली. मग आल्फ्रेडने काय केलं? मेलारेन तळ्यात एक बार्ज नांगरली आणि उत्पादन तिच्यावर हलवलं. गोव्यात मांडवीवर खनिज वाहणाऱ्या बार्ज पाहिल्या असतील, तर साधारण तसली सपाट तळाची बोट डोळ्यांसमोर आणा. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला सँडबॉक्स म्हणू: धोकादायक गोष्ट अशा जागी चालवा, की फुटली तरी बाकीच्यांना झळ लागू नये.

पण सँडबॉक्सची एक अडचण असते. माल कधीतरी बाहेर काढावाच लागतो.

१८६५ मध्ये त्याने जर्मनीत हँबर्गजवळ क्रुमेल इथे, एल्बे नदीच्या काठी, कारखाना टाकला. माल दूरदूर जाऊ लागला आणि खरा घोळ तिथून सुरू झाला. द्रव असल्यामुळे तो डब्यांतून पाझरायचा. साधारण १३ अंशांखाली गोठायचा, मग तो वितळवायच्या नादात अपघात व्हायचे. सगळ्यात वाईट म्हणजे उचलणाऱ्या हमालाला आत काय आहे हेच ठाऊक नसायचं.

एप्रिल १८६६ मध्ये पनामाच्या किनाऱ्यावर हा माल घेऊन आलेलं एक जहाज धक्क्याला लागलेलं असतानाच उडालं. पन्नासच्या आसपास माणसं गेली. त्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोत पाझरणारी एक पेटी हातोडा-छिन्नीने उघडायला घेतली आणि सुमारे १५ जण मेले. आल्फ्रेड तेव्हा अमेरिकेतच होता, आपला माल कसा हाताळावा हे लोकांना पटवून देत. परतला तेव्हा क्रुमेलचा कारखानाही स्फोटात गेला होता.

नदीतला तराफा

इथे त्याच्या विचाराने वळण घेतलं. सूचना कितीही लिहा, हजार मैलांवरचा थकलेला हमाल त्या वाचेलच असं नाही. बदल मालातच करायला हवा.

मग एल्बे नदीत तराफा नांगरून त्याने प्रयोग चालू ठेवले. या द्रवाला घट्ट धरून ठेवेल असं काहीतरी तो शोधत होता. ते सापडलं कीझलगूरमध्ये. ही सूक्ष्म शेवाळांच्या सांगाड्यांची सच्छिद्र माती. ती स्वतःच्या वजनाच्या तिप्पट नायट्रोग्लिसरीन पिऊन घेते आणि मळलेल्या कणकेसारखा गोळा तयार होतो. तो पाडा, आपटा, सहसा काही होत नाही. स्फोटासाठी वेगळी छोटी डिटोनेटर कॅप लागते. म्हणजे माल एकीकडे, ट्रिगर दुसरीकडे. १८६७ मध्ये याचं पेटंट झालं: डायनामाइट.

बग राहिलाच होता. पाणी लागलं की माती पाणी शोषायची आणि नायट्रोग्लिसरीन बाहेर टाकायची. बोटीवर किंवा ओल्या खाणीत हे म्हणजे पुन्हा तोच धोका. १८७५ मध्ये त्याने पाण्याला दाद न देणारं ब्लास्टिंग जिलेटिन काढलं.

जे एकट्या शोधाने जमलं नाही

२ ऑक्टोबर १८७४, लंडनचा रीजंट्स कालवा. टिलबरी नावाच्या बार्जवर साखर, सुका मेवा, पेट्रोलियम आणि सुमारे ५ टन गनपावडर, सगळं एकत्र. पहाटे एका पुलाखाली ती उडाली, तिच्यावरचे तिघे मेले. पेट्रोलियमची वाफ पेटली आणि आग पावडरपर्यंत गेली. इथे नोबेलचा माल नव्हता. पण धडा नोबेलच्या कामातली दुसरी बाजू दाखवणारा होता: वस्तू सुधारली तरी ती कशाशेजारी ठेवली आणि नेणाऱ्याला काय सांगितलं, हेही तेवढंच महत्त्वाचं. ब्रिटनमध्ये १८७५ चा स्फोटक कायदा आला, भारतात १८८४ चा. तो आपल्याकडे आजही लागू आहे.

आज युरोपातल्या नद्यांवर धोकादायक माल नेणाऱ्या बोटीला दिवसा निळे शंकू टांगावे लागतात: ज्वलनशील मालाला एक, आरोग्याला घातक मालाला दोन, स्फोटकांना तीन. रात्री तेवढेच निळे दिवे. भाषा येवो न येवो, समोरच्या बोटीला कळतं.

आल्फ्रेड १० डिसेंबर १८९६ ला इटलीत सान रेमोला गेला. नावावर ३५५ पेटंटं, आणि मृत्युपत्रात ते प्रसिद्ध पुरस्कार.

आता पुढचा मोबाईल घरी येईल तेव्हा बाहेरचा खोका नीट बघा. लाल पट्ट्यांच्या चौकटीत बॅटरीचं चित्र आणि यूएन ३४८१ असा आकडा दिसू शकतो. म्हणजे आत लिथियम-आयन बॅटरी आहे. नियमांच्या दृष्टीने तोही धोकादायक माल. तो आकडा तुमच्यासाठी कमी आणि तुमचं पार्सल उचलणाऱ्या प्रत्येक माणसासाठी जास्त आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या त्या पेटीवर असं काही असतं, तर कुणी छिन्नी उचललीच नसती.