भल्यासाठी दिलेला मार

शाळेत असताना आमच्या बाई डॉ. आनंदीबाई जोशींची गोष्ट मोठ्या रंगात येऊन सांगायच्या. गोपाळराव घरी येतात आणि बघतात तर काय, आनंदी पुस्तक सोडून चुलीपाशी! मग काय, चांगलीच बदडली तिला. इथे वर्गात हशा पिकायचा. स्वयंपाक केला म्हणून मार खाणारी बायको, गंमतच ना! अभ्यासासाठीच मारलं, म्हणजे चांगलंच केलं, असं आम्ही मुलींनी तेव्हाच मनात धरलं.

परवा ओळखीतली एक जण भेटली. नोकरी करते. पगाराचं कार्ड नवऱ्याकडे, फोन रोज रात्री तो तपासणार, माहेरी किती वेळ बोलायचं तेही तोच ठरवणार. पण तिची तक्रार नाही. तिला व्यवहार कळत नाही म्हणून तो तिच्या भल्यासाठीच करतो, असं ती मलाच समजावत होती. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात आनंदी.

मैत्रिणींनो, ती नीट पाहू या. १८६५ सालचा जन्म, कल्याणचं माहेर, माहेरचं नाव यमुना. नऊ वर्षांची असताना तिचं लग्न झालं. नवरा बिजवर आणि वयाने खूप मोठा. गोपाळराव पोस्टात कारकून होते आणि बायको शिकलीच पाहिजे हा त्यांचा ध्यास. हे खोटं नाही. बायकोला शिकवतो म्हणून लोक त्यांना हसले, नावं ठेवली, पण ते हटले नाहीत. त्या काळात असा नवरा शोधून सापडला नसता. म्हणूनच तर सगळा घोळ होतो. माणूस सरळसरळ दुष्ट असला की ओळखायला सोपा.

अलिबाग, कोल्हापूर, भूज, मग थेट कलकत्ता. जिथे त्यांची बदली, तिथे ही. माहेर लांब लांब पडत गेलं. काय शिकायचं, कुठे राहायचं, सगळं तेच ठरवणार. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहाच दिवसांत गेला. वेळेवर उपचार मिळाले असते तर तो वाचला असता, हे तिच्या मनात घर करून राहिलं आणि डॉक्टर व्हायची जिद्द तिथून तिची स्वतःची झाली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सगळं श्रेय नवऱ्याच्या खात्यावर टाकायची आपल्याला भारी सवय.

१८८३ मध्ये, अठराव्या वर्षी, ती बोटीने अमेरिकेला गेली. नवरा सोबत नाही, नात्यातलं कोणी नाही, प्रकृती आधीच तोळामासा. तिथे न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंनी तिला लेकीसारखं सांभाळलं. ती त्यांना मावशी म्हणायची. मग फिलाडेल्फियाचं बायकांचं मेडिकल कॉलेज, थंडी, आजारपण, आणि गोपाळरावांची टोचून लिहिलेली पत्रं. माणूस सातासमुद्रापलीकडे, पण धाक घरातलाच.

तिथूनच तिने त्यांना एक पत्र लिहिलं. माझ्या मते ती डिग्रीइतकीच मोठी गोष्ट आहे. तुमचं वागणं चांगलं की वाईट हे ठरवणं कठीण आहे, अशी तिची सुरुवात. हेतू बघितला तर बरोबर, पण कोवळ्या मनावर झालेला परिणाम बघितला तर चूक. आणि मग वयानुसार हिशेब. दहाव्या वर्षी लाकडाने मार. बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं, शिवाय सोडून जाण्याची धमकी. चौदाव्या वर्षी आणखी भलत्याच शिक्षा. चौदावं वर्ष म्हणजे बाळ गेलं तेच वय, हे लक्षात आलं तेव्हा मी वाचायची थांबले. त्या वयात आपण घर सोडून गेलो असतो तर काय झालं असतं, हेही तिने विचारलंय.

कुठे गेली असती? त्याच काळात मुंबईत रखमाबाई नवऱ्याकडे नांदायला नकार देऊन कोर्टात लढत होत्या. मार्च १८८७ मध्ये निकाल लागला, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. बाईसाठी कायदा तेव्हा असा होता. आज २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. २००६ च्या ऑक्टोबरपासून लागू झाला. त्यात नुसता मार नाही, तर अपमान, धमक्या, पैसे अडवणं, नातेवाइकांना भेटू न देणं हेही येतं. १८१ हा महिलांचा फोन क्रमांक आहे. त्या ओळखीच्या बाईला मी तो कागदावर लिहून दिला. फोनमध्ये नको म्हटलं, तो तपासतो ना.

मार्च १८८६ मध्ये आनंदी डॉक्टर झाली. समारंभाला गोपाळराव होते, पंडिता रमाबाईही आल्या होत्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांच्या विभागाची जागा तिच्यासाठी ठरली होती, पण क्षयाने ती जागा घेऊ दिली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात ती गेली, बावीस पूर्ण व्हायला महिना बाकी असताना.

गोपाळरावांनी तिची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली. मावशीने ती न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीला, आपल्या घरच्यांच्या दफनभूमीत ठेवली. अजून तिथेच आहे.