निघाले मथुरेला, पोहोचले झाशीला

तुम्ही वेस्ट विंडसरहून नायगारा बघायला निघालात आणि वाटेत कळलं की पुढचा रस्ता बंद आहे, तर काय कराल? फोनवर दुसरा रस्ता शोधाल, नाहीतर घरी परत याल. आता अशा माणसाची गोष्ट वाचा, ज्यांच्याजवळ फोन नव्हता आणि ज्यांना रिकाम्या हाताने परत जाणं परवडणारं नव्हतं.

विष्णुभट गोडसे यांचा जन्म १८२७ साली झाला. ते कोकणातल्या वरसई गावचे. हे गाव रायगड जिल्ह्यात, पेणजवळ आहे. विष्णुभट भिक्षुकी करत, म्हणजे लोकांच्या घरी पूजा सांगत. त्यातून पैसे कमी मिळत आणि घरावर कर्ज होतं. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, अशी बातमी त्यांनी ऐकली. तिथे चांगली दक्षिणा मिळेल आणि कर्ज फिटेल, असा त्यांचा बेत होता. १८५७ साली ते काका रामभट यांच्याबरोबर निघाले. त्या वाटेवर तेव्हा रेल्वे नव्हती.

महूला पोहोचल्यावर त्यांना भलतीच बातमी कळली. इंग्रजांच्या सैन्यातले हिंदी शिपाई उठाव करणार होते! पुढे जाणं धोक्याचं होतं. पण मागे काय होतं? कर्ज. विचार करा, तुम्ही काय केलं असतं? काका-पुतणे पुढे गेले.

मथुरेचा बेत मागे पडला. ग्वाल्हेर करून ते झाशीला आले. राणी लक्ष्मीबाईंच्या राज्यात त्यांना आसरा मिळाला. पण मार्च १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशीला वेढा घातला. तोफांचे गोळे शहरात पडू लागले. एप्रिलमध्ये शहर पडलं आणि लुटालूट सुरू झाली. काका-पुतण्यांचा जीव वाचला, पण साठवलेले पैसे गेले.

पुढे काल्पीच्या वाटेवर, एका विहिरीजवळ, त्यांना राणी दिसल्या. त्या दमलेल्या आणि तहानलेल्या होत्या. विष्णुभट पाणी काढून द्यायला पुढे झाले, पण राणींनी ते स्वतःच काढलं, असं त्यांनी लिहिलं आहे.

नंतर विष्णुभट काशीला गेले. तिथून आई-वडिलांसाठी गंगाजलाची कावड घेऊन वरसईला परतले. कर्ज फेडायला निघालेला मुलगा पैसे न आणता आला. पण तो जिवंत आला, हेच घरच्यांना खूप होतं.

पुढे अनेक वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून, त्यांनी हा सगळा प्रवास लिहून काढला. ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ साली छापलं गेलं. तेव्हा विष्णुभट हयात नव्हते. १८५७ च्या लढाईवर इंग्रजांनी पुष्कळ लिहिलं. पण वेढ्यात अडकलेल्या साध्या माणसाला झाशी कशी दिसली, ते आपल्याला विष्णुभटांमुळे कळतं. ठरलेला बेत पार पडला असता, तर हे पुस्तक झालंच नसतं, बरं का!

शब्दार्थ
बेत – आधी ठरवलेली गोष्ट
दक्षिणा – पूजा सांगितल्याबद्दल मिळणारे पैसे
वेढा – शत्रूने चारी बाजूंनी अडवणे
कावड – खांद्यावरच्या काठीला दोन्हीकडे भांडी बांधून पाणी नेण्याचे साधन
हयात – जिवंत

सांगा बघू
१. विष्णुभट घरातून का निघाले?
२. महूला त्यांना कोणती बातमी कळली?
३. तुम्ही महूहून परत फिरला असता का? पाच वाक्यांत लिहा. घरी आजी-आजोबांनाही विचारा.