इंदापूरच्या माळावरचा जहाजमालक

मोरगावला मयूरेश्वराच्या दर्शनासाठी येणारा भाविक ज्या कऱ्हेच्या पात्रापाशी क्षणभर थांबतो, ती नदी पुढे बारामतीवरून वाहत सोनगावजवळ नीरेला मिळते. नीरा इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नरसिंहपूर येथे, भीमेत विसर्जित होते. भीमा कृष्णेला आणि कृष्णा पूर्वेच्या समुद्राला मिळते. बारामती-इंदापूरच्या या अवर्षणप्रवण मुलखाचा समुद्राशी संबंध असलाच तर तो एवढाच, असे कोणालाही वाटेल. परंतु ज्यांच्या नावाने नीरेच्या काठी वालचंदनगर वसले, त्या वालचंद हिराचंद यांनी आयुष्यातील तीस वर्षे समुद्रावर हक्क सांगणाऱ्या ब्रिटिश जहाज कंपन्यांशी झुंजण्यात घालविली. साखर, मोटारी, विमाने आणि बांधकाम या क्षेत्रांतील त्यांची कामगिरी महाराष्ट्राला ठाऊक आहे. बंदरांमधील त्यांचा लढा मात्र तुलनेने विस्मृतीत गेला आहे.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे एका गुजराती दिगंबर जैन कुटुंबात झाला. घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. व्यापाराच्या निमित्ताने ते दक्षिणेत येऊन स्थिरावले होते. कापसाचा व्यापार आणि सावकारी हा घरचा व्यवसाय. मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन महाविद्यालय येथे वालचंदांचे काही काळ शिक्षण झाले. पण पदवी पदरात पडली नाही. पेढीवर बसून व्याजाचे हिशेब करण्यात त्यांचे मन रमेना. रेल्वेत नोकरी केलेल्या लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचे कंत्राट घेतले आणि तेथून त्यांच्या स्वतंत्र उद्योगाला आरंभ झाला. गुजराती व्यापारी आणि मराठी कारकून यांची ही जोडी त्या काळी अनेकांना विजोड वाटली असेल. प्रत्यक्षात ती उत्तम जमली. पहिल्या महायुद्धापर्यंत रेल्वे, पूल आणि लष्करी इमारतींचे मोठे कंत्राटदार म्हणून वालचंदांचे नाव झाले होते.

त्या काळातील मुंबई बंदर हे साम्राज्याच्या वैभवाचे प्रवेशद्वार होते. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. १८८० मध्ये प्रिन्सेस गोदी, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया गोदी आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, सुरू झाली. अलेक्झांड्रा गोदीसाठी खणलेल्या मातीदगडाने समुद्र बुजवून बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. जॉर्ज विटेट या वास्तुशास्त्रज्ञाने आखलेल्या तेथील दगडी इमारती पाहिल्या की लंडनच्या एखाद्या पेठेचा भास होत असे. माल हिंदी व्यापाऱ्याचा, बंदराचे शुल्क भरणारा हिंदी व्यापारी, हमाल आणि खलाशीही हिंदीच. परंतु धक्क्याला लागणाऱ्या मोठ्या बोटी ब्रिटिशांच्या. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या दोन बलाढ्य कंपन्या १९१४ मध्ये एकत्र आल्या आणि लॉर्ड इंचकेप यांच्या हाती या समुद्राच्या जणू किल्ल्याच आल्या.

या कंपन्यांची रीत साधी पण परिणामकारक होती. व्यापाऱ्याने भरलेल्या भाड्याचा काही भाग कंपनी राखून ठेवी आणि ठरावीक मुदतीत त्याने अन्य कोणाच्या बोटीतून माल पाठविला नाही, तरच तो परत करी. नवी कंपनी निघाली की भाडे इतके उतरवायचे की तिचा खर्चही निघू नये. ती बुडाली की दर पुन्हा पूर्ववत. जमशेटजी टाटा यांनी १८९० च्या दशकात जपानी कंपनीच्या साह्याने चीनकडे सुताची वाहतूक सुरू केली, तेव्हा पी अँड ओने दर पाडून तो प्रयत्न मोडून काढला. तुतिकोरिनला व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी १९०६ मध्ये स्वदेशी जहाज कंपनी काढली. १९०८ मध्ये त्यांनाच तुरुंगात जावे लागले आणि पुढे कंपनीही अस्तंगत झाली. हा इतिहास समोर असताना वालचंदांनी जहाजधंद्यात उडी घेतली.

निमित्त झाले ते एका जुन्या बोटीचे. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील बॅरो या जहाजबांधणीच्या गावात १८९० मध्ये कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी 'एम्प्रेस ऑफ इंडिया' ही बोट पाण्यात सोडण्यात आली. लिव्हरपूलहून १८९१ च्या फेब्रुवारीत तिने पहिला प्रवास केला आणि पुढे व्हँकुव्हर ते हाँगकाँग या मार्गावर वर्षानुवर्षे टपाल व प्रवासी वाहिले. महायुद्ध सुरू झाल्यावर ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी ती विकत घेऊन हिंदी सैनिकांसाठी इस्पितळ म्हणून सज्ज केली आणि तिचे नाव 'लॉयल्टी', म्हणजे 'राजनिष्ठा', असे ठेवण्यात आले. युद्ध संपले आणि ही बोट विकाऊ असल्याचे वालचंदांच्या कानावर आले. त्यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांना सोबत घेतले. २७ मार्च १९१९ रोजी कंपनी नोंदविली गेली आणि ग्वाल्हेरच्या राजघराण्याचे नाव घेऊन ती 'सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी' झाली. अध्यक्षपद नरोत्तम मोरारजी यांच्याकडे आले.

अवघ्या नऊ दिवसांनी, ५ एप्रिल १९१९ रोजी, 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनच्या दिशेने निघाली. बोटीवर स्वतः वालचंदही होते. दुसऱ्याच दिवशी, ६ एप्रिलला, रौलट कायद्याच्या निषेधार्थ देशभर हरताळ पाळण्यात आला. राजनिष्ठेचे नाव मिरविणारी बोट हिंदी मालकीची म्हणून ब्रिटिश बंदराकडे जात असताना मागे किनाऱ्यावर त्या राजनिष्ठेलाच तडा जात होता. हा योगायोग खरा. पण त्या काळाचे चित्र त्यात नेमके उतरले आहे.

'लॉयल्टी'ने इतिहास घडविला, नफा मात्र मिळवून दिला नाही. बोट वयस्कर होती. तिचा चालविण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च परवडणारा नव्हता. १९२३ मध्ये मुंबईतच ती मोडीत निघाली. तोवर सिंदियाने मालवाहू बोटी जमवून ब्रह्मदेश आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर वाहतूक सुरू केली होती. अपेक्षेप्रमाणे दरयुद्ध पेटले. रंगूनहून तांदूळ आणणाऱ्या बोटींचे भाडे ब्रिटिश इंडिया कंपनीने झपाट्याने खाली आणले. सिंदियाचा तोटा वाढत गेला आणि भागधारक धास्तावले. १९२२-२३ मध्ये लॉर्ड इंचकेप सरकारी खर्चकपात समितीचे अध्यक्ष म्हणून हिंदुस्थानात आले. त्याच सुमारास सिंदिया विकत घेण्याचा विषयही निघाला. वालचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपनी विकली नाही. मात्र १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार करणे त्यांना भाग पडले. सिंदियाने किनाऱ्यापुरतेच मर्यादित राहावे आणि जहाजांचा एकूण टनभार ठरलेल्या मर्यादेबाहेर वाढवू नये, असा तो करार होता. ज्या लंडनच्या मार्गासाठी कंपनी जन्मली, तोच मार्ग तिला बंद झाला.

या कराराबद्दल वालचंदांना दोष देणारे तेव्हाही होते. स्वदेशीचे नाव घेऊन परक्यांशी तडजोड केली, असा त्या टीकेचा रोख होता. परंतु आधीच्या कंपन्या बुडाल्या आणि सिंदिया टिकली, या फरकाचे मोल नाकारता येत नाही. कराराने मिळालेला अवधी वालचंदांनी वाया घालविला नाही. जो लढा भाड्याच्या दरात जिंकता येत नव्हता, तो त्यांनी कायदेमंडळात आणि लोकमताच्या दरबारात नेला. सरकारने नेमलेल्या व्यापारी जहाज समितीने १९२४ मध्ये किनाऱ्यावरील वाहतूक टप्प्याटप्प्याने हिंदी जहाजांसाठी राखून ठेवण्याची आणि हिंदी तरुणांना जहाजावरील अधिकारपदाचे शिक्षण देण्याची शिफारस केली. दुसऱ्या शिफारशीतून १९२७ मध्ये मुंबई बंदरात 'डफरिन' हे प्रशिक्षण जहाज उभे राहिले. तोपर्यंत हिंदी माणूस बोटीवर कोळसा ओढू शकत होता, सुकाणूवर उभा राहू शकत होता. कप्तानाच्या खोलीत मात्र त्याला शिरकाव नव्हता. पहिली शिफारस कागदावरच राहिली. सिंदियाशी संबंधित असलेले साराभाई हाजी यांनी १९२८ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात किनारपट्टीच्या आरक्षणाचे विधेयक मांडले. ब्रिटिश हितसंबंधांनी त्याला कडाडून विरोध केला आणि ते कधीच कायद्यात उतरले नाही.

१९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांचे मोटार अपघातात निधन झाले आणि अध्यक्षपदाची धुरा वालचंदांकडे आली. पुढील दशक त्यांच्या कर्तृत्वाचे होते. याच काळात नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर इंदापूर तालुक्यातील कळंब परिसरात उसाची शेती आणि साखर कारखाना उभा राहिला. काटेरी झुडपांच्या ओसाड माळावर कामगारांची घरे, शाळा, दवाखाना आणि कार्यशाळा आल्या. वालचंदनगर आकाराला आले. नाशिक जिल्ह्यात रावळगावचा कारखाना १९३३ मध्ये सुरू झाला. दुसरीकडे १९३९ मध्ये बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी सिंदियाच्या ताब्यात आली. मुंबईच्या धक्क्यावरून रत्नागिरी, वेंगुर्ल्यापर्यंत चाकरमान्यांना नेणारी कोकणची आगबोट अशा रीतीने हिंदी कंपनीच्या छत्राखाली आली. बॅलार्ड इस्टेटमध्ये, जेथे ब्रिटिश कंपन्यांची कार्यालये दिमाखात उभी होती, तेथेच 'सिंदिया हाऊस'ही उभे राहिले.

बोटी विकत घेणे पुरेसे नाही, त्या येथेच बांधल्या पाहिजेत, ही वालचंदांची पुढची पायरी होती. प्रथम कलकत्त्याचा विचार झाला. पण तेथील बंदर अधिकाऱ्यांकडून पटण्याजोग्या अटींवर जागा मिळाली नाही. तेव्हा त्यांची नजर पूर्व किनाऱ्यावरील विशाखापट्टणमकडे वळली. १९३३ मध्ये खुले झालेले हे बंदर तुलनेने नवे, टेकडीच्या आडोशाने सुरक्षित. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते जहाज कारखान्याची कोनशिला बसली. तत्पूर्वी सहा महिने, डिसेंबर १९४० मध्ये, म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने बंगळुरूला विमान कारखाना सुरू झाला होता. युद्धाच्या निकडीपोटी १९४२ मध्ये सरकारने तो आपल्याकडे घेतला. जहाजांच्या बाबतीत मात्र अशी निकड सरकारला भासली नाही. ६ एप्रिल १९४२ रोजी विशाखापट्टणमवर जपानी बॉम्ब पडले आणि कारखान्याचे काम विस्कळीत झाले. समुद्रावर सिंदियाच्या अनेक बोटी शत्रूच्या माऱ्याला बळी पडल्या.

मुंबई बंदरही वाचले नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेल्या 'फोर्ट स्टिकिन' या बोटीचा स्फोट झाला. शेजारीच सिंदियाची 'जलपद्मा' नांगरलेली होती. सुमारे चार हजार टनांची ती बोट पाण्यातून उचलली जाऊन धक्क्यावरील गोदामावर आदळली. शेकडो माणसे मेली, आसपासच्या वस्त्या जळाल्या.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १४ मार्च १९४८ रोजी विशाखापट्टणम येथे पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते आठ हजार टनी 'जलउषा' पाण्यात सोडण्यात आली. परदेशात बांधलेल्या जुन्या बोटीपासून स्वदेशात बांधलेल्या नव्या बोटीपर्यंत पोहोचण्यास एकोणतीस वर्षे लागली होती. पुढे किनारी वाहतूकही भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्यात आली. परंतु हे फळ हाती येत असतानाच वालचंदांचे शरीर थकले. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १९५० मध्ये ते निवृत्त झाले. जहाज कारखाना खासगी भांडवलावर पेलणे कठीण होऊन बसले. १९५२ मध्ये त्याची बहुतांश मालकी सरकारकडे गेली आणि त्याचे 'हिंदुस्थान शिपयार्ड' झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे वालचंदांचे निधन झाले.

वालचंद तुरुंगात गेले नाहीत, चळवळीचे पुढारी झाले नाहीत. ते व्यापारी होते आणि नफ्याचा हिशेब त्यांनी कधी सोडला नाही. सिंदिया मोठी झाल्यावर लहान हिंदी जहाज कंपन्यांनाही तिचा धाक वाटू लागला, हेही नमूद केले पाहिजे. तरीही देशाच्या किनाऱ्यावर देशाचीच जहाजे असावीत हा प्रश्न त्यांनी सभेतील ठरावापुरता ठेवला नाही. त्यासाठी स्वतःचा पैसा आणि उमेद दोन्ही पणाला लावली.

त्यांनी वाढविलेली सिंदिया कंपनी विसाव्या शतकाच्या अखेरीस मोडकळीस आली. परंतु बंदरांच्या गावांतून ते नाव पुरते पुसले गेलेले नाही. विशाखापट्टणमला जहाज कारखान्याजवळचा भाग आजही 'सिंदिया' म्हणून ओळखला जातो. बॅलार्ड इस्टेटकडे जाणारा रस्ता वालचंद हिराचंद मार्ग आहे. 'लॉयल्टी' निघाली तो ५ एप्रिल हा दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. आणि समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या वालचंदनगरच्या कार्यशाळेने पुढे भारतीय नौदलाच्या युद्धनौकांसाठी गिअरबॉक्स घडविले. इंदापूरच्या माळाचे समुद्राशी नाते केवळ नीरेच्या पाण्यापुरते राहिले नाही, ते असे.