राजाचा सांभाळ कुणी करायचा?

१८१८ साली पेशवाई संपली, तेव्हा इंग्लंडच्या गादीवर तिसरा जॉर्ज होता. ऐंशी वर्षांच्या या राजाला ती बातमी सांगूनही कळली नसती. त्याची दृष्टी गेली होती, ऐकू कमी येत होते, पांढरी दाढी वाढली होती. विंडसरच्या किल्ल्यातल्या मोजक्या खोल्यांत तो हार्पसिकॉर्ड वाजवी आणि कधीच वारलेल्या माणसांशी ती समोर बसल्यासारखा बोलत राही. त्याच्या आजारावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्या आजारपणात त्याच्या घरच्यांचे एकमेकांशी काय झाले, तेही आजच्या कुटुंबांनी जाणून घ्यावे असे आहे.

जॉर्जचा जन्म १७३८ चा. १७६० मध्ये तो राजा झाला, पुढच्या वर्षी शार्लटशी त्याचे लग्न झाले. त्यांना नऊ मुलगे आणि सहा मुली झाल्या. शेती, घड्याळे आणि खगोलशास्त्राची आवड असलेला हा घरबशा राजा १७८८ च्या शरद ऋतूत, पन्नाशीत, गंभीर आजारी पडला. झोप उडाली, तो तासन्तास बडबडू लागला.

घरात लगेच दोन तट पडले. राजा बरा होणार नसेल तर कारभार थोरल्या मुलाकडे जाणार होता. त्याच्या बाजूचे डॉक्टर वॉरन यांना सुधारणेची आशा दिसत नव्हती. राणी आणि पंतप्रधान पिट यांची भिस्त होती ती राजा बरा होईल म्हणणाऱ्या डॉक्टर फ्रान्सिस विलिस यांच्यावर. आजाराच्या निदानावर सत्तेचे गणित बसवले गेले. मधल्या मध्ये राजा विलिस यांच्या ताब्यात होता. ते त्याला हात जखडणारा सदरा घालत, खुर्चीला बांधून ठेवत. १७८९ च्या फेब्रुवारीत राजा सावरला, पण मायलेकांतला दुरावा बराच काळ राहिला.

१८०१ मध्ये आजार उलटला आणि विलिस यांचे मुलगे उपचाराला आले. या मंडळींची राजाने धास्तीच घेतली होती. त्यांना पुन्हा जवळ येऊ देणार नाही, असा शब्द त्याने मुलांकडून घेतला. १८०४ मध्ये तो पुन्हा आजारी पडला, तेव्हा केंट आणि कंबरलंडचे ड्यूक असलेल्या दोघा मुलांनी विलिस मंडळींना दारातच अडवून तो शब्द पाळला. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरांनी मात्र तोच सदरा वापरला. एव्हाना राणीला नवऱ्याची भीती वाटू लागली होती. ती त्याच्याजवळ एकटी थांबत नसे.

१८१० मध्ये धाकटी लाडकी लेक अमेलिया सत्ताविसाव्या वर्षी वारली. त्याच सुमारास राजाचे भान गेले ते कायमचे. फेब्रुवारी १८११ मध्ये संसदेने कायदा करून कामाची वाटणी केली. राज्यकारभार थोरल्या मुलाकडे आणि राजाचा सांभाळ राणीकडे, तिच्या मदतीला एक मंडळ. सत्ता एकाकडे, सुश्रूषा दुसऱ्याकडे, ही व्यवस्था शहाणपणाची होती. तरी भांडणे थांबली नाहीत. चार अविवाहित मुली आईबरोबर विंडसरला अडकून पडल्या होत्या. १८१२ मध्ये त्यांनी थोडे स्वतःच्या मर्जीने जगू देण्याची विनंती केली. वडील या अवस्थेत असताना मुलींनी समारंभांना जावे, हे आईला सहन झाले नाही. १८१८ मध्ये सत्तेचाळीस वर्षांच्या एलिझाबेथने लग्न केले, तेही आईच्या मनाविरुद्धच.

त्याच वर्षी नोव्हेंबरात राणी गेली. राजाला ते उमगले नाही. सांभाळाची जबाबदारी दुसरा मुलगा यॉर्कचा ड्यूक याच्यावर आली. त्यासाठी त्याला वर्षाला दहा हजार पौंड ठरले, तेव्हा वडिलांना सांभाळण्याचे पैसे मुलाने घ्यावेत का, यावर संसदेत वाद झाला. २९ जानेवारी १८२० रोजी राजा वारला.

हा पोर्फिरिया नावाचा चयापचयाचा विकार असावा, असे मत १९६६ मध्ये पुढे आले. अलीकडच्या अनेक तज्ज्ञांना ते पटत नाही. वारंवार येणारा उन्माद आणि शेवटच्या दशकात स्मृतिभ्रंश, असे ते मानतात.

या घरात पैसा, डॉक्टर, नोकरचाकर कशाचीच वाण नव्हती. तरीही कोणता उपचार करायचा, निर्णय कुणाचा, कुणी किती वेळ अडकून राहायचे आणि खर्चाचे काय, हे चारही प्रश्न पेटले. आपल्याकडेही भावंडांत वितुष्ट येते ते बहुधा यांवरूनच. यावर बोलायची वेळ आहे ती विस्मरणाची सुरुवात असताना, म्हणजे आईवडिलांना स्वतःचे मत सांगता येते तोवर. अनेक घरे मुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात, पण ते देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली की आपल्या करार कायद्यानुसार ते संपुष्टात येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मात्र उपचार कसे हवेत, कसे नकोत आणि आपल्या वतीने कुणी बोलावे, हे आधीच लेखी नोंदवण्याची सोय दिली आहे. विलिस नकोत, हे जॉर्जने शुद्धीत असताना सांगून ठेवले होते. म्हणूनच त्याच्या मुलांना निदान ती एक इच्छा पाळता आली.