माफीनाम्यानंतरचे माधवराव सप्रे

नवा रायपूर : छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले आणि पुढे जुन्या रायपूरच्या आग्नेयेस नवा रायपूर हे राजधानीचे नियोजित शहर उभे राहिले. परंतु छत्तीसगड हे नाव राज्यनिर्मितीच्या शंभर वर्षे आधीच, जानेवारी १९०० मध्ये, एका हिंदी मासिकाने धारण केले होते. ‘छत्तीसगड मित्र’ या त्या मासिकाचे संपादक माधवराव सप्रे हे मराठी मातृभाषा असलेले गृहस्थ होते. अपमान आणि नैराश्याच्या गर्तेतून निष्ठेने काम करीत बाहेर आलेला माणूस म्हणून त्यांचे चरित्र आजही लक्षात घेण्यासारखे आहे.

सप्रे यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. त्यांचे शिक्षण बिलासपूर व रायपूर येथे झाले. पदवी मिळाल्यावर सरकारी नोकरीकडे पाठ फिरवून ते पेंड्रा येथे राजकुमारांचे शिक्षक झाले. तेथूनच रामराव चिंचोळकर आणि वामन बळीराम लाखे यांच्या साह्याने त्यांनी ‘छत्तीसगड मित्र’ सुरू केले. ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही त्यांची कथा १९०१ मध्ये याच मासिकात प्रसिद्ध झाली. अनेक अभ्यासक तिला हिंदीतील पहिली लघुकथा मानतात. आर्थिक तोट्यामुळे मासिक १९०२ च्या अखेरीस बंद पडले.

लोकमान्य टिळकांचे विचार हिंदी भाषकांपर्यंत पोहोचावेत यासाठी सप्रे यांनी १३ एप्रिल १९०७ रोजी नागपूरहून ‘हिंदी केसरी’ सुरू केले. १९०८ हे वर्ष मात्र कसोटीचे ठरले. जुलैमध्ये राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मंडालेला झाली. ऑगस्टमध्ये सप्रे यांनाही त्याच कलमाखाली अटक झाली. कुटुंबाची ओढाताण आणि थोरले बंधू बाबूराव यांचा निर्वाणीचा आग्रह यांपुढे नमून त्यांनी काही महिन्यांनी माफीनाम्यावर सही केली. सुटका झाली, पण सार्वजनिक जीवनातील प्रतिष्ठा गेली. कालपर्यंतच्या सहकाऱ्यांनी टीका केली. त्याहून तीव्र होती ती स्वतःची टोचणी.

सप्रे यांनी आपल्या कृतीचे समर्थन करीत बसण्याऐवजी एकांत पत्करला. वर्धा परिसरातील हनुमानगड येथे श्रीधर विष्णू परांजपे यांच्या सान्निध्यात ते राहिले. मधुकरी मागून पोट भरायचे आणि समर्थ रामदासांच्या दासबोधाचे पुनःपुन्हा वाचन करायचे, असा त्यांचा क्रम होता. या वाचनातूनच दासबोधाचा हिंदी अनुवाद आकारास आला. मनाला सावरण्यासाठी हाती घेतलेला ग्रंथ अशा रीतीने इतरांच्या उपयोगी पडला.

पुढे रायपुरात स्थिरावून त्यांनी मुलींसाठी पाठशाळा काढली. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ १९१५ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाला आणि पाठोपाठ त्याचा हिंदी अनुवाद सप्रे यांच्याच हातून झाला. ज्या वर्षी टिळकांनी शिक्षा भोगण्यास सुरुवात केली, त्याच वर्षी सप्रे माफी मागून सुटले होते. त्यामुळे या अनुवादाला केवळ भाषांतरापलीकडचा अर्थ आहे. चिंतामण विनायक वैद्य यांच्या महाभारतविषयक ग्रंथाचेही त्यांनी हिंदी रूपांतर केले.

या काळात त्यांनी पुढे येण्याची हौस बाळगली नाही. १९२० मध्ये जबलपूरहून ‘कर्मवीर’ निघाले, त्यामागे सप्रे यांची प्रेरणा होती. संपादकपद मात्र माखनलाल चतुर्वेदी यांच्याकडे गेले. असहकाराच्या काळात रायपूरच्या राष्ट्रीय विद्यालयाच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. १९२४ मध्ये देहरादून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद देऊन हिंदी जगताने त्यांचा गौरव केला. माफीनाम्याला तेव्हा सोळा वर्षे लोटली होती.

२३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे त्यांचे निधन झाले. भोपाळचे वृत्तपत्र संग्रहालय आज त्यांचे नाव धारण करते. १९०८ मधील ती सही त्यांच्या चरित्रातून पुसली गेलेली नाही. मात्र त्यांच्या कार्याची मोजदाद करताना अभ्यासकांना तिच्या पुढच्या सतरा वर्षांचाही हिशेब मांडावा लागतो.